दादांचं नाव लाल झालं, त्याची हकिकत

येचन,
घरोघरी पर्सिमनची फळं सोलून ओसरीला वाळत टांगलीत ते दिवस

वडील बंधू जोंग-हाक दादा यांना, शिकागो ज्या दिशेला आहे असं पोस्टातले बाबू म्हणाले त्या दिशेला तोंड करून, कपाळ जमिनीला टेकवून धाकट्या जोंग-गिलचा नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेलच. (नसली तरी आम्हाला कळायचा मार्ग नाही. तुमच्या फोनमधली बाई इंग्रजीत काहीतरी बोलते, मग शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजली की मला दरवेळी खोकला येतो. एव्हाना तुमच्याकडे माझ्या खोकल्यांचा बरा संग्रह झाला असेल.) वहिनींचा गुडघा कसा आहे? मुलं आता आबांना ओळखणार नाहीत इतकी मोठी झाली असतील, आणि आबाही त्यांना ओळखणार नाहीत, म्हणजे फिटंफाट. लाँड्रीचं तिसरं दुकान उघडल्याचं नाताळच्या कार्डावरून कळलं. कार्ड छापील, खालची सहीसुद्धा छापील, तरी आबांनी ते कपाटाच्या काचेत लावून ठेवलंय. आमच्याकडे म्हणाल तर आमच्या हिची, मी-रानची, कंबर धरलीय, माझी मान धरलीय आणि आबांनी माझ्याशी अबोला धरलाय. पहिल्या दोन्हींवर चोळायला मलम मिळतं.

अबोल्याचं कारण एक डीव्हीडी आहे. तुम्हाला माझ्या धंद्यातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायची हौसही तुम्हाला कधी नव्हती, म्हणून जरा मागून सांगतो. फोटो स्टुडिओ आता नावापुरता उरलाय. लोक खिशातला फोन काढून स्वतःचेच फोटो काढतात आणि ते कधीच कागदावर उतरवत नाहीत. फिल्म धुवायच्या ट्रेमध्ये मी-रान किमचीचा कोबी मिठात घालून ठेवते (स्वच्छ धुऊन; तोंड वाकडं करू नका, तुम्हाला कुठे खायचाय). तेव्हा मी चित्रफिती जोडायच्या कामात शिरलो. पहिल्या वाढदिवसाला पोरगं समोरच्या चौरंगावरचं काय उचलतं, दोरा की पेन्सिल, ते टिपायचं. लग्नात नवरी कुठे रडली ते टिपायचं. आणि सगळ्याची तबकडी करून द्यायची. तबकडी घातली की पडद्यावर पहिल्यांदा नावांची पाटी येते, तिला मेनू म्हणतात. हॉटेलातल्यासारखाच प्रकार, फक्त इथे जे मागवावं ते येत नाही.

आबांची सत्तरी आली तेव्हा मी ठरवलं की जिल्ह्यात कोणी केली नसेल अशी तबकडी करायची. सगळं गणगोत जमणार, त्यातून मला चार कामंही मिळाली असती. (हो, स्वार्थ होता. सगळ्यांनाच लाँड्र्या उघडता येत नाहीत.) बेत असा, की मेनूवर घरच्यांची नावं, प्रत्येक नावाशेजारी फोटो, आणि रिमोटनं नावावर जाऊन दाबलं की त्या माणसाची शुभेच्छा सुरू. सर्वांत वर तुमचं नाव, कारण आत्याबाई म्हणाल्या, “थोरल्याचं नाव वर नसेल तर मी जेवायला बसायची नाही, आधीच सांगून ठेवते.” तुमच्या खाली खुद्द त्याच. शेवटी मी.

सगळ्यांच्या शुभेच्छा आल्या. तुमची आली नाही. मी पत्र टाकलं, मेल टाकली, शिट्टीनंतर खोकलो. हे तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहितो, कारण लिहिलं की बरं वाटतं.

मग मी आबांच्या साठीची कॅसेट शोधून काढली. आठवतं ना, तो कॅमेरा तुम्हीच अमेरिकेहून आणला होता, घरात कोणाला त्याला शिवू देत नव्हता, आणि तुमच्या शुभेच्छेची पाळी आली तेव्हा माझ्या हातात कोंबून म्हणाला होतात, “हलवू नकोस, श्वासही घेऊ नकोस.” मूळ कॅसेट तुम्ही बरोबर नेलीत, आम्हाला नक्कल ठेवलीत. त्या नकलेवर पुढे आबांनी सणाच्या कुस्त्या टेप केल्या. (दोष देत नाही. तेव्हा आई स्वयंपाकघरात जिवंत होती, तिला टेपवर कोण बघणार?) शेवटची कुस्ती अपेक्षेपेक्षा लवकर निकाली झाली म्हणून टेपच्या शेवटची तुमची शुभेच्छा तेवढी वाचली. तीत तुम्ही काळ्याभोर केसांनी म्हणता, “आबा, साठीच्या शुभेच्छा! शंभर वर्षं जगा, पुढच्या वर्षी नक्की येतो.” बाजूला आई बसलीय.

आता यातून सत्तरीची शुभेच्छा काढायची होती. “साठीच्या” हा शब्द कापला तर तुमची मान एकदम डावीकडून उजवीकडे उडी मारायची. ती उडी झाकायला मी मध्ये उडत्या बगळ्याचं चित्र टाकलं, तर आवाज मागे राहिला आणि ओठ पुढे गेले. तुम्ही तोंड मिटल्यावरही बोलत होता (तुमच्या बाबतीत अनेकांना हे नवं वाटलं नसतं). आवाज ओढून आणला तर कॉम्प्युटर गोठला. आईला चौकटीबाहेर काढणं भाग होतं, एक तर तिच्यामुळे साल कळलं असतं, आणि दुसरं, सत्तरीच्या पानावर सगळे रडत बसले असते. म्हणून चित्र मोठं केलं. आई गेली, तुमच्या चेहऱ्यावर ठिपक्यांच्या मुंग्या आल्या. पण मध्येच तिचा हात आत येतो, तुमची कॉलर सरळ करतो आणि जातो. तो काढायला गेलो तर तुमचं अर्धं वाक्य जात होतं. म्हटलं राहू दे, हाताकडे कोण बघतंय.

मेनूचे हाल वेगळेच. दोन बटणं एकमेकांना नुसती चिकटली तरी ते सॉफ्टवेअर रुसून बसतं, आणि आत्याबाईंचं बटण तुमच्या बटणावर सारखं चढत होतं. ते खाली ढकललं तर नवीनच खोड निघाली. आत्याबाईंच्या नावावर एकदा गेलं की बाहेर पडता येईना. वर दाबा, खाली दाबा, आत्याबाईच. (घरातल्या प्रत्येकानं हे कधी ना कधी भोगलंय, पण यंत्रानंही तेच करावं?) तेही निस्तरलं. निवडलेल्या नावाला सोनेरी रंग दिला, छान दिसत होता. आणि अगदी शेवटी, तबकडी जळत असताना (आम्ही जळणं म्हणतो, तुम्ही छापणं समजा), सगळं काम कोसळलं आणि फाईल उघडेचना. वाया गेलेल्या तबकड्या मी परसातल्या पर्सिमनच्या झाडाला बांधल्यात. पाखरं येत नाहीत, तेवढं एक साधलं.

दिवस थोडे उरले होते. मी सॉफ्टवेअरमधला तयार नमुना घेतला, त्याला ‘शालीन’ असं नाव होतं, आणि त्यात सगळं पुन्हा भरलं. शालीन नमुन्यात फोटोंना काळी चौकट असते. तयार नमुन्यात निवडलेलं नाव लाल होतं. आणि आत्याबाईंची खोड त्यात परत आली, हे मला तेव्हा कळलं नाही. मी तबकडी दुकानातल्या जुन्या टीव्हीवर तपासली. त्या टीव्हीवर गेली काही वर्षं सगळं जग सोयाबीनच्या चटणीच्या रंगाचं दिसतं.

तुम्ही तिकडे राहून विसरला असाल, म्हणून आठवण देतो. लहानपणी मी लाल पेन्सिलीनं पाटीवर “जोंग-हाक” लिहिलं होतं, तेव्हा आत्याबाईंनी मला ओसरीवरून अंगणात भिरकावलं होतं. आपल्यात जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहीत नाहीत. लाल नाव मेलेल्याचं.

तर सत्तरीचा दिवस. नदीकाठचा हॉल, आबांच्या पुढ्यात खजूर, चेस्टनट आणि तांदळाच्या वड्यांचे मनोरे, आबा आईनं शिवलेल्या अंगरख्यात. दारूचा पहिला पेला थोरल्यानं द्यायचा असतो, म्हणून आत्याबाईंनी तुमच्या जागी रिकामी गादी ठेवायला लावली. मी तबकडी घातली. भिंतीएवढ्या पडद्यावर मेनू आला. पहिलं बटण आपोआप निवडलेलं असतं. काळ्या चौकटीत तुमचा फोटो, शेजारी लालभडक अक्षरांत तुमचं नाव, आणि त्याच्या बरोब्बर खाली रिकामी गादी.

आधी मला काहीच वाटलं नाही, मी तेव्हा लोकांच्या तोंडावरचं कौतुक शोधत होतो. एकेक पंगत गप्प होत गेली. निवृत्त हेडमास्तर कू उठले, टोपी काढली, आबांपाशी जाऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, “केवढं दुःख गिळून बसलायत हो! आम्हाला कळवायचं तरी.” आबा म्हणाले, “कसलं?” हेडमास्तरांनी पडद्याकडे बोट केलं. पुढचं आत्याबाईंनी केलं. “अगं बाई, माझा जोंग-हाक गेला! आणि हा मेला आम्हाला वड्या भरवतोय!” असा हंबरडा त्यांनी फोडला की आचारी बाहेर आले.

मी घाईनं रिमोटची खालची कळ दाबली. तुमचं नाव पांढरं झालं. आत्याबाईंचं लाल झालं. त्यांनी ते पाहिलं. मी वर दाबलं, खाली दाबलं, बाजूला दाबलं. “मलाही घालवतोस काय रे? सगळ्यांदेखत?” मी दाबतोय, त्या लालच्या लाल. शेवटी मी-राननं वायर उपटली म्हणून बरं, नाहीतर मला त्या दिवशीही अंगणात भिरकावलं असतं, आणि तिथे अंगण नाही, नदी आहे.

लोकांना शांत करायला एकच उपाय होता. तबकडी परत लावली आणि तुमच्या नावावर ताबडतोब दाबलं. तुम्ही आलात, मुंग्यांसकट. “आबा, शुभेच्छा! शंभर वर्षं जगा, पुढच्या वर्षी नक्की येतो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, आत्याबाईंनी नाक पुसलं आणि वडी उचलली, हेडमास्तरांनी टोपी घातली. आबा मात्र टाळ्या संपल्यावरही पडद्याकडेच बघत होते. मग चष्मा काढून अंगरख्याच्या टोकानं पुसत बसले.

घरी आल्यावर मला म्हणाले, “दहा वर्षांत त्याचा एकही केस पिकला नाही का रे?” मी म्हटलं, तिकडचं पाणी चांगलं असेल. ते म्हणाले, “आणि माणूस तोंड मिटून बोलतो, ते पण पाण्यानंच?” मग त्यांनी फोन लावायला सांगितला. तुमच्या बाईनं इंग्रजी म्हटलं, शिट्टी वाजली, मी खोकलो. दोन दिवसांनी वहिनींची मेल आली: इकडे सर्व ठीक, कामाची गडबड, आबांना शुभेच्छा. मी ती मोठ्यांदा वाचून दाखवली. आबा शांतपणे म्हणाले, “ज्याला माणूस बनवता येतो त्याला मेल बनवायला काय लागतंय?” ते त्यांचं माझ्याशी शेवटचं वाक्य. त्यानंतर मी समोर बसलेलो असताना मी-रानला सांगतात, “त्याला म्हणावं, मीठ इकडे सरकव.”

दादा, मी आबांची औषधं आणतो, पाठ चोळतो, आईचं श्राद्ध घालतो. (आईच्या वेळी तुमच्या व्हिसाची अडचण होती. मी विसरलेलो नाही.) आणि खोटारडा मी ठरलो, तुमची शुभेच्छा मी बनवली म्हणून. तुम्ही पाठवली नाहीत म्हणून तुम्ही काहीच ठरला नाहीत. मला राग येतो. हे सरळच लिहितो, तुम्हाला आडून बोललेलं कळत नाही.

आबा आता दिवसभर टीव्हीसमोर बसतात. ती तबकडी घालतात आणि तुमचंच बटण दाबतात. मेनू आला रे आला की चटकन दाबतात, तुमचं नाव फार वेळ लाल राहू नये म्हणून. शुभेच्छा संपली की मेनू परत येतो, पण का कोण जाणे, तो शेवटच्या बटणावर येतो, म्हणजे माझ्या. तिथे आबांना कसलीही घाई नसते. ते चहा पितात, डुलकी काढतात. तोवर माझं नाव लाल होऊन पडद्यावर बसलेलं असतं, आणि त्यावर अजून कोणी ब्र काढलेला नाही. आत्याबाई परवा येऊन गेल्या, त्याही त्यासमोर बसून पर्सिमन खाऊन गेल्या.

असो. मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. गुडघ्याला मोहरीच्या तेलाचा उपयोग होत नाही, आम्ही करून पाहिलाय.

तुमचा, अजून जिवंत असलेला,
मेंग जोंग-गिल

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आबांना फोन करा. तुमचा आवाज त्यांना ऐकू दे, मी बनवू शकणार नाही असं काहीतरी बोला. लहानपणी बैलानं तुम्हाला कालव्यात ढकललं होतं ते बोला, मला ते नीट आठवत नाही. आबांनी माझ्याशी बोलावं एवढंच मला हवंय, मग भले मिठाबद्दल का होईना.

ता. क. दुसरा. काल पोस्ट बंद होतं म्हणून पाकीट राहिलं, आणि आज ते परत फोडून लिहितोय. मधल्या वेळात मी नवीन तबकडी केली. या वेळी सगळं जमलं. नाव सोनेरी होतं, काळी चौकट गेली, आत्याबाईंमधून बाहेर पडता येतं, ओठ आणि आवाज एकत्र चालतात, मेनू परततो तो तुमच्याच नावावर. आणि तो हातही काढला. चित्र आणखी थोडं मोठं केलं, उरलेल्या जागी बगळा उडवला, तुमचं एक अक्षरसुद्धा गेलं नाही. इतकं स्वच्छ काम मी आजवर केलेलं नाही. सकाळी आबांना नेऊन दिली. त्यांनी तुमचं बटण दाबलं. पूर्ण बघितलं. परत दाबलं, परत बघितलं. मग वळले आणि मी-रान स्वयंपाकघरात होती म्हणून असेल, पण माझ्याकडेच बघून म्हणाले, “जोंग-गिल, हात कुठं गेला?”

मला कळलंच नाही. मी त्यांच्या हातांकडे बघितलं.

“कॉलर सरळ करणारा,” आबा म्हणाले. “हा बगळा कशाला आणलास मध्ये? जुनी लाव.”

मी जुनी लावली. आबांनी दाबलं. तुम्ही बोलत होता आणि ते तुमच्याकडे बघत नव्हते, पडद्याच्या डाव्या कडेकडे बघत होते. मग मीही तिकडे बघितलं. आईच्या बोटाला तेव्हा पट्टी होती, दादा. ते चित्रण मी केलं, जोडलं, शंभरदा बघितलं, आणि पट्टी मला आज दिसली.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. फोनचं राहू द्या. केलात तर आबा घेतील, न केलात तर माझं आता काही म्हणणं नाही. ती मूळ कॅसेट मात्र पाठवा. आईचे फोटो माझ्याकडे ढिगानं आहेत, मी फोटोवाला आहे, पण हलणारी आई एका कॉलरीएवढीच उरलीय. तुमच्या कॅसेटवर ती सगळी असेल. पंगतीला वाढत असेल, आत्याबाईंवर वैतागत असेल, काहीतरी बोलतही असेल. पुसू नका, टेप मागे गुंडाळायला जाऊ नका, आहे तशी डब्यात घालून टाका. चिठ्ठी नको, शुभेच्छा नको. पार्सलवर माझं नाव लाल शाईनं लिहिलंत तरी चालेल.